हिऱ्यांचे अस्तर

सारा मिलर यांची ‘द लॉस्ट क्राउन’ ही २०११ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कुमार-कादंबरी. रशियाचा अखेरचा झार दुसरा निकोलस याच्या ओल्गा, तातियाना, मारिया आणि अनास्तासिया या चार कन्या तीत आळीपाळीने कथा सांगतात. आद्याक्षरे जुळवून ‘ओटमा’ अशी एकच सही करणाऱ्या बहिणींना चार स्वतंत्र स्वर देणे, हे लेखिकेचे धाडसच.

कथेमागील इतिहास मात्र कल्पनेहून दारुण आहे. एप्रिल १९१८ मध्ये मातापित्यांना मारियासह तोबोल्स्कहून येकातेरिनबर्गला हलविण्यात आले. तेथून पत्र आले : ‘औषधां’ची ठरल्याप्रमाणे व्यवस्था करावी. औषधे म्हणजे जडजवाहीर! मागे राहिलेल्या बहिणींच्या काचोळ्यांत दासींच्या साहाय्याने दोन पदरांमध्ये कापूस घालून हिरे-माणके शिवण्यात आली. काही खड्यांवर कापड चढवून त्यांच्या गुंड्या केल्या. पहारेकऱ्यांना अखेरपर्यंत सुगावा लागला नाही.

सोने-जवाहीर ही अडीअडचणीची पुंजी, हा हिशेब व्यापारी घरांना नवा नाही. झारीणीचाही तोच हिशेब होता. परंतु १७ जुलैच्या पहाटे तळघरात गोळ्या सुटल्या, त्या या अस्तरावर आदळून परतल्या. मुली वाचल्या नाहीत. मरणयातना तेवढ्या लांबल्या. त्या वेळी अनास्तासिया सतरा वर्षांची होती.

शेवट माहीत असूनही पुस्तक खाली ठेववत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती देण्यापूर्वी आईने ते स्वतः वाचावे.