निद्रा कीं मूर्च्छा?

नाशिकच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्या लिहितात, "आमच्या घरीं टेबलावरचा संगणक आहे. रात्रीं तो झोपवून ठेवतों. सकाळीं कळ दाबली कीं आंतला पंखा फिरूं लागतो, पण पडदा काळा तो काळाच. मग घरांतील मंडळी बटण दाबून धरून तो बंद करतात व पुन्हां चालू करतात. हें योग्य आहे काय?" या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येईल : बटण दाबून धरणें हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. परंतु हें वाक्य मला ज्या प्रसंगानें शिकविलें तो सांगितल्यावांचून त्याचें वजन वाचकांस कळणार नाहीं.

आमच्या साताऱ्याच्या घरांत माणसें तेरा आणि संगणक एक. सूनबाईंचे हिशेब, पुतणीचे प्रवेशअर्ज, धाकट्या नातवाचे खेळ आणि माझा कुलवृत्तांत, इतकें सर्व त्या एका पेटींत नांदतें. आमच्या कुलवृत्तांताच्या जुन्या आवृत्तींत मुली लग्नापर्यंतच येतात. पुढें त्यांचें नांवसुद्धां बदलतें आणि त्या पुस्तकांतून नाहींशा होतात. त्यांच्या शाखा नव्या आवृत्तींत घालाव्या असा संकल्प मीं दोन वर्षांपूर्वीं केला. या कामीं खरा आधार म्हणजे सांगलीची माझी आत्या. तिचें वय एक्याण्णव. तिची स्मरणशक्ति श्रावणांतल्या उन्हासारखी आहे. कधीं लख्ख पडतें, कधीं आठ-आठ दिवस पडत नाहीं. २०२५ च्या आषाढांत एके सायंकाळीं तिचा आपण होऊन फोन आला. दोन तास ती बोलत होती. चार बहिणी, त्यांचीं सासरें, त्यांचीं मुलें, आणि त्यांतच सव्वा वर्षाची होऊन गेलेली एक मुलगी, जिचें नांव आजवर कोणींच कोठें लिहून ठेवलें नव्हतें. मी ऐकत होतों व टंकीत होतों. दहा वाजले, डोळे चुरचुरूं लागले, आणि लिहिलेलें जतन न करतांच मीं संगणक झोपविला. दर दहा मिनिटांनीं आपोआप प्रत राखण्याची सोय त्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्यें होती. पण त्या क्षणीं लेखन अडखळतें म्हणून ती मींच पूर्वीं बंद करून टाकली होती.

सकाळीं सूनबाईनें कळ दाबली. पंखा फिरला, पडदा काळा. पाहतां पाहतां सारें घर गोळा झालें. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदारास चिरंजीवांनीं फोन लावला. त्यानें पेटी न पाहतांच मदरबोर्ड गेल्याचें निदान केलें आणि अकरा हजारांचा आंकडा सांगितला. धाकट्या नातवानें परवां कांहीं नवा खेळ आणला होता, तेव्हां हें त्याचेंच कर्तृत्व असें त्याच्या वडिलांनीं ठरविलें, व आठवडाभर संगणकास शिवावयाचें नाहीं अशी शिक्षा चहा होण्यापूर्वींच झाली. "आजोबा, मीं काल हातसुद्धां लावला नाहीं हो," असें तो मला म्हणाला. तें कोणीं ऐकलें नाहीं. मींहि ऐकलें नाहीं, कारण माझें सारें लक्ष पुतण्याच्या बोटाकडे होतें. "काका, दहा सेकंद बटण दाबून धरतों, बंद होईल," असें म्हणत तें बोट बटणावर टेकलेंहि होतें. "हात काढ आधीं!" असें मी ओरडलों. शाळा सुटल्यापासून इतक्या मोठ्यानें मी ओरडलों नसेन.

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. संगणकाच्या झोपेचे प्रकार इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या तीन कंपन्यांनीं मिळून १९९६ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय नांवाच्या नियमावलींत बांधून दिलेले आहेत. टेबलावरील संगणकाची नेहमींची झोप बहुधा त्यांतील एस ३ ही होय. तींत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व डिस्क यांची वीज काढून घेतली जाते. केवळ रॅमला जिवापुरती वीज मिळत राहते. ही रॅम मोठी विसराळू आहे. तिच्यांतील प्रत्येक ओळ सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां पुन्हां ताजी करावी लागते. आवृत्ति चुकली कीं पाठांतर गेलें, असे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. न जतन केलेलें आपलें लेखन रात्रभर असतें तें या आवृत्तीच्या आधारावर. बटण दाबून धरलें कीं ती थांबते, आणि आत्याची मुलगी दुसऱ्यांदा नाहींशी होते. हायबरनेशन नांवाची जी दीर्घनिद्रा, तिच्यांत हें सारें डिस्कवर उतरवून मग वीज पूर्ण तोडतात. तेथें ही भीति नाहीं.

जागें होतांना मात्र प्रत्येक अवयवास पुन्हां शुद्धीवर आणावें लागतें. ग्राफिक्स कार्डाची वीज गेलेली असल्यानें त्यास पूर्वस्थितीवर आणण्याचें काम त्याच्या ड्रायव्हरचें, म्हणजे सारथ्याचें. सारथि चुकला तर रथ जागा असून दिसत नाहीं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा कीं, समोर आहे ती निद्रा, मूर्च्छा, कीं नुसती डोळ्यांवरची पट्टी? आमच्या शास्त्रकारांनींहि मूर्च्छा ही झोपेहून निराळी धरली असून ब्रह्मसूत्रांत तिचा विचार स्वतंत्र केला आहे. संगणकाच्या बाबतींत ही परीक्षा फार सोपी आहे. कोणतीहि कळ दाबून अर्धें मिनिट स्वस्थ बसावें. मग कीबोर्डावरील नम लॉक दाबावी व तिचा दिवा पाहावा. प्रत्येक दाबण्यासरशीं दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे, तुम्हांला दिसत नाहीं इतकेंच. दिवा ढिम्म हालत नसेल तर बहुधा मूर्च्छा. हल्लींच्या कांहीं कीबोर्डांना हा दिवाच नसतो. त्यांच्यावर ही परीक्षा करतां येत नाहीं.

आमचा दिवा लागला. विझला. पुन्हां लागला. घरांत लहान मूल रडल्याचा आवाज ऐकून बाळंतिणीच्या खोलीबाहेर जसें होतें तसें मला झालें.

मग पडद्याकडे वळलों. त्याची वायर दोन्ही टोकांनीं घट्ट बसविली, त्याचें स्वतःचें बटण बंद करून चालू केलें, तो दुसऱ्याच छिद्राकडे पाहत तर नाहीं ना तें तपासलें. पुष्कळ घरीं रोग एवढ्यावरच बरा होतो. आमचा झाला नाहीं. नंतर पुतण्यानें विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या. यानें ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हां सुरू होतो. बारीकसा आवाज आला, पण चित्र आलें नाहीं. तेव्हां मीं खुर्चींत बसलों व दिसत नसलेल्या पडद्यावर लिहूं लागलों. एक कळ दाबून कुलपाचा पट बाजूला सारला. चार आंकडी संकेतांक टंकला. मनांत सावकाश वीस मोजले. रात्रीं शेवटची उघडी खिडकी कुलवृत्तांताचीच होती याची खात्री होती, म्हणून कंट्रोल व एस दाबलें. पेटीवरचा डिस्कचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकला. मग विंडोज व एक्स, नंतर यू, नंतर आर. ही बटणास न शिवतां पुनरारंभ करण्याची रीत आहे. पंखा थांबला, पुन्हां फिरला, आणि पडद्यावर उजेड आला. पानें सर्व होतीं. ती सव्वा वर्षाची मुलगीहि होती.

कारण शोधण्यास दुपार गेली. डिव्हाइस मॅनेजरमध्यें ग्राफिक्स कार्डाच्या गुणधर्मांत ड्रायव्हरची तारीख असते, आणि विंडोजच्या अपडेटच्या इतिहासांत तो केव्हां आला तें असतें. नवा ड्रायव्हर दोनच दिवसांपूर्वीं बसला होता. खेळामुळें नव्हे, अपडेटची सूचना वारंवार पुढें येते म्हणून त्रासून कोणीं तरी होकार दिल्यामुळें. तो होकार माझा होता. तेथेंच रोल बॅक ड्रायव्हर म्हणून जी सोय आहे तिनें जुना सारथि परत आणला, आणि त्या रात्रीं तीन वेळां झोपवून तीन वेळां उठविलें. तिन्ही वेळां चित्र आलें. जेवणाच्या पानावर मीं ही हकीकत सर्वांदेखत सांगितली. नातवाची शिक्षा तत्क्षणीं मागें घेतली गेली. तो कांहीं बोलला नाहीं. ताटांतली बटाट्याची भाजी तेवढी त्यानें दुसऱ्यांदा मागितली. आत्यास तीं पानें छापून पाठविलीं, तेव्हां दोन भावांचा क्रम उलटा लागला आहे असें तिनें कळविलें.

आणखी एक गोष्ट. आमच्या वहिनींना निजण्यापूर्वीं घरांतले भिंतीवरचे सगळे स्विच बंद करण्याची सवय आहे, व ती चांगली आहे. परंतु संगणक एस ३ मध्यें निजलेला असतां भिंतीचा स्विच बंद करणें म्हणजे रॅमचा घास काढून घेणें. वीज गेली तरी तेंच. यावर हायब्रिड स्लीप हा उपाय आहे. तींत रॅममधील मजकुराची एक प्रत डिस्कवरहि ठेवली जाते, आणि वीज गेल्यास ती तेथून परत येते. कंट्रोल पॅनेलच्या वीजविषयक प्रगत सोयींत ती मिळते, मात्र प्रत्येक यंत्रांत असतेच असें नाहीं. आमच्या यंत्रांत ती होती. आतां चालू आहे. आपोआप जतन करण्याची सोयहि मीं पुन्हां चालू केली, आणि लेखन अडखळतें तें सोसतों.

नाशिकच्या भगिनींचा पंखा फिरतो, तेव्हां कळ दाबल्याची हाक आंत पोहोंचते आहे हें उघड आहे. पंखाहि न फिरता, तर कीबोर्डास संगणक उठविण्याची परवानगी आहे काय, हें डिव्हाइस मॅनेजरमध्यें प्रथम पाहावें लागलें असतें. त्यांनीं उद्यां सकाळीं बटणास कोणास हात लावूं न देतां नम लॉकचा दिवा पाहावा व काय दिसलें तें मला लिहावें. दिवा हालत नसेल तर रॅमच्या पट्ट्या आणि बायॉस यांच्याकडे वळावें लागेल, त्याचा विचार पुढील अंकीं करूं. तोंपर्यंत बायॉसचें अपडेट मात्र कोणाच्याहि सांगण्यावरून करूं नये, कारण तें चालू असतां वीज गेली तर संगणक मुळींच उठत नाहीं असें होऊं शकतें, आणि पावसाळ्यांत आपल्याकडील विजेचा भरंवसा वाचकांस ठाऊक आहे.