चित्राचे मार्क, वागण्याचे मार्क

चित्रकलेत कुणी नापास झाल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? मी तरी नाही. गणितात होतात, इंग्रजीत होतात, हिंदीतसुद्धा होतात. चित्रकलेत सगळे पास. तरीही प्रगतिपुस्तकात या विषयासमोर 'अ', 'ब', 'क' अशी श्रेणी असतेच. ती कशावरून ठरते हे पालकसभेत कुणी विचारत नाही. गणितात दोन मार्क कमी पडले तर पेपर पुन्हा दाखवा म्हणून भांडणारे पालक चित्रकलेतला 'क' बघून मुकाट्याने पान उलटतात.

आमच्या वाड्यावरच्या सहावीतल्या एका मुलीला असाच 'क' मिळाला. चित्राचा विषय होता चवथ. या विषयावर मुले काय काढतात ते आपल्याला पाठ आहे. मधोमध गणपती, दोन बाजूंना दोन समया, पुढे मोदकांचे ताट. या मुलीने काढली होती माटोळी! कागदाचा पाऊण भाग नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, चिबूड आणि आंब्याच्या टाळ्यांनी गच्च भरलेला, आणि खाली गणपतीचा नुसता मुकुट. चटईवर उताणे पडून वर बघणाऱ्या मुलाला चवथ जशी दिसते, तशी. रंग काही ठिकाणी ओघळले होते, हे खरे. पण घोसातली सुपारी न् सुपारी तिने निरखली होती. चित्राच्या मागे बाईंनी लाल शाईत शेरा दिला होता : 'फार बडबड करते. साहित्य आणत नाही.'

शेरा पुन्हा वाचून बघा. त्यात चित्राबद्दल एक अक्षर नाही.

मी सरकारी कारकून. आमचेही दरवर्षी मूल्यमापन होते. पूर्वी त्याला गोपनीय अहवाल म्हणत, आता नाव बदलले आहे. सरकारी कागदपत्रांना नावे ठेवण्यात माझा स्वतःचा हात कुणी धरणार नाही, पण या फॉर्मचे एक कौतुक केलेच पाहिजे. त्यात कामाचे रकाने वेगळे, वैयक्तिक गुणांचे वेगळे आणि सचोटीचा तर अगदी स्वतंत्र. साहेबाला माझे चहाच्या वेळचे बोलणे आवडत नसेल तर त्याने ते त्याच्या रकान्यात लिहावे. मी मांडलेल्या टिपणीचा दर्जा त्यामुळे घसरला असे लिहिता येत नाही. (तरीही लिहितात, ते वेगळे.) चाळिशीतल्या कारकुनाला जो रकाना मिळतो तो अकरा वर्षांच्या मुलीला का मिळू नये?

आता बाईंची बाजू. ती खोटी नाही. आठवड्याला एक तास मिळतो, तोही पस्तीस-चाळीस मिनिटांचा. वर्गात चाळीस मुले, पाण्याच्या वाट्या, ओले ब्रश आणि पांढरे युनिफॉर्म. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताच्या मास्तरांना द्यायचा. स्नेहसंमेलनाचा पडदा, सूचनाफलकावरची अक्षरे, पाहुण्यांसाठी रांगोळी, सगळे चित्रकलेच्या शिक्षकाच्या गळ्यात. ज्या विषयात नापास होण्याची भीती नाही तिथे वर्ग शांत ठेवायला त्याच्या हाती उरते काय, तर ती श्रेणी. म्हणून तो तिची छडी करतो. हे मला समजते. पण समजले म्हणून पटायला हवे असे थोडेच आहे? छडी तरी दिसायची. ही छडी चित्राच्या मागे लपते, आणि मुलगी घरी येऊन म्हणते, "माका चित्र काडूंक येना." बडबड कमी करायला हवी असे तिला वाटतच नाही! आपल्याला चित्र काढता येत नाही, एवढेच तिला वाटते. म्हणजे शिस्तही लागली नाही आणि चित्रही गेले.

'साहित्य आणत नाही' हा शेरा तर मला जास्तच टोचतो. रंगपेटी, दोन जाडीचे ब्रश, चित्रकलेची वही, पॅलेट यांना पैसे पडतात. ज्या घरात तीन मुले आहेत आणि बाप रोजंदारीवर जातो, तिथे जूनमध्ये आणलेली पेटी चवथीपर्यंत टिकत नाही. पिवळा आणि हिरवा आधी संपतात. माडही हिरवे, शेतेही हिरवी, गोव्याच्या मुलाने करावे तरी काय? पेटी न आणणे ही मुलाची वागणूक आहे असे धरून मार्क कापले की आपण मार्क कापतो ते बापाच्या पगाराचे.

वागणूक आणि चित्र यांचा एकमेकांशी संबंध किती, हे पाहायला आपल्याला गोव्याबाहेर जायला नको. साळगावात १९२४ साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांना मुंबईत शाळेतून काढून टाकले होते, स्वच्छतागृहाच्या भिंतीवर अचकटविचकट चित्र काढले म्हणून. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की ते चित्र दुसऱ्याचेच होते, फार वाईट काढले होते म्हणून मी फक्त दुरुस्त करत होतो! पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधूनही त्यांना काढले, ते 'चले जाव' चळवळीतल्या सहभागापायी. लोटलीचे मारियो मिरांडा लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे. आईने शेवटी हातात वही दिली. शाळेत पाद्रींची चित्रे काढून त्यांनी ओरडाही खाल्ला. आता यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की वांड पोरेच चित्रकार होतात. आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) हेही गोव्याचेच. ते त्याच जे. जे. मध्ये शिकले, तिथली पदके मिळवली आणि पुढे तिथेच वर्षानुवर्षे शिकवले. वांड पोर चांगले चित्र काढू शकते, शहाणे पोरही काढू शकते, आणि दोघेही वाईट काढू शकतात. चित्र बघितल्याशिवाय ते कळायचे नाही.

मग चित्रकलेच्या तासाला शिस्त नकोच काय? हवी. माझा आक्षेप आहे तो घडी घालून तोंडावर बोट ठेवण्याच्या शिस्तीला. ती प्रार्थनेला ठीक. कामाची स्वतःची एक शिस्त असते. आपल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा काढायचा. गिलावा वाळला की खेळ खलास. तिथे 'गप्प बसा' म्हणायला मास्तर लागत नसणार, वाळता चुनाच ते काम करत असेल. किंवा दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यावर नरकासुर बांधणारी मुले बघा. आवाज असा की शेजाऱ्यांची झोप उडावी. पण सांगाडा कुणी बांधायचा, कागद कुणी चिकटवायचा, खळ कुणी शिजवायची हे सगळे ठरलेले, आणि धाकट्याने चिकटवलेला हात थोरला उगाच ओरबाडून काढत नाही. ही मुले शाळेत चित्रकलेला 'क' मिळवणारीच असतात, पैजेवर सांगतो.

तेव्हा वर्गातही मागणे करायचे ते असे : दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, ब्रश धुऊन ठेवायचा, वाटीतले पाणी ज्याने सांडले त्याने पुसायचे, मागितलेला रंग परत द्यायचा. बोललात तर बोला, पण कागदाकडे बघत बोला. यातले जे केले नाही ते प्रगतिपुस्तकात वर्तनाच्या रकान्यात खुशाल लिहावे. चित्राचा रकाना मात्र चित्राला. मुलाने नीट बघितले काय, कागद कसा वापरला, जूनमधल्या चित्रापेक्षा हे चित्र पुढे गेले काय, एवढे तीन प्रश्न पुरेत.

आणि हे माझ्या मनचे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ कुणीही काढून वाचावे. मूल्यमापन करायचे ते मुलाच्या आकलनाचे आणि ते वापरण्याच्या क्षमतेचे, असे तिथे म्हटले आहे. कलाशिक्षण दहावीपर्यंत सर्वांना असावे, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कलेला अभ्यासाबाहेरची गोष्ट समजू नका असे बजावले. कागद भरपूर आहेत हो! शेजारच्या महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलाचे स्मरणचित्र तपासणाऱ्याला ते मूल बोलके की मुके हे माहीतही नसते. त्या परीक्षांची घोटीव पद्धत मला फारशी आवडत नाही, पण त्यात निदान कागदालाच मार्क मिळतात.

रंगांचे म्हणाल तर उपाय साधा आहे. चाळीस पेट्या लागतच नाहीत. चार मुलांत एक अशा दहा पेट्या शाळेच्या कपाटात ठेवायच्या, हिरवे आणि पिवळे जास्तीचे आणायचे. पालक-शिक्षक संघ स्नेहसंमेलनाला मंडप घालतो, त्या खर्चापुढे हे काहीच नाही. येत्या पालकसभेत मी तो विषय काढणार आहे. वाड्यावरच्या त्या मुलीच्या आईलाही चित्र बरोबर घेऊन यायला सांगितले आहे. पुढची बाजू वर ठेवून.