विंचवाचे बिऱ्हाड

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी राहते. घुमट, खांब, दारात पहारेकरी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. आत काय आहे, हा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा येतच नाही. म्हणूनच ज्या संग्रहालयाला स्वतःचे छप्पर नाही, जे आज या गावी तर उद्या त्या गावी मुक्काम टाकते आणि जे कुणा सरकारने नव्हे, तर एखाद्या कलावंताने चालवले आहे, त्याचे नाव काढताच शहाणी माणसे हसतात. “हे कसले संग्रहालय? हे तर विंचवाचे बिऱ्हाड!”

माझा या हसण्याला आक्षेप आहे. बिऱ्हाड विंचवाचे असेल. पण विंचवाला नांगीही असते, हे हसणारे विसरतात.

मेशाक गाबा या कलावंताचेच उदाहरण घ्या. हा १९६१ साली पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, कोतोनू शहरी जन्मला. पुढे तो अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सअकादमीत आला. युरोपातल्या संग्रहालयांत आफ्रिका होती, नाही असे नाही. पण ती मुख्यतः मुखवट्यांची आणि मूर्तींची, काचेच्या कपाटातली. आपल्यासारख्या हयात माणसाचे काम जिथे मांडावे, अशी जागा काही त्याला दिसेना. दुसरा एखादा अर्जविनंत्या करीत बसला असता. याने स्वतःच संग्रहालय काढले! ‘समकालीन आफ्रिकी कलेचे संग्रहालय’ हे त्याचे नाव. १९९७ साली राइक्सअकादमीत त्याची पहिली खोली मांडली गेली आणि २००२ साली जर्मनीतल्या कासेल शहरी, दॉक्युमेंटा प्रदर्शनात, शेवटची. एकूण खोल्या बारा. पण एका छपराखाली नव्हेत. ज्या संस्थेने दार उघडले, तिथे खोली मांडायची आणि पुढच्या मुक्कामाला लागायचे.

आणि खोल्या तरी कसल्या! एकीत दुकान, एकीत उपाहारगृह, एकीत खेळ, एकीत ग्रंथालय. एका खोलीत नुसते लाकडी ठोकळे : या, आणि तुमच्या मनातले संग्रहालय तुम्हीच रचा! लग्नाची खोली तर खरोखरीच्या लग्नाची. २००० साली गाबाने अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात, पाहुण्यांच्या साक्षीने, स्वतःचे लग्न लावले. आणि नवरीचा पोशाख, आहेर, लग्नाचा दाखला, सारे पुढे प्रदर्शनात मांडले. आपल्याकडची एखादी आजी ऐकेल तर म्हणेल, “यात कला ती कसली? एवढे तर आमच्या घरीही झाले!” आजीबाई, नांगी आहे ती इथेच. दुकानात, पंगतीत, मांडवात जे जगले जाते, ते कपाटातल्या मुखवट्याहून कमी पाहण्याजोगे आहे, हे ठरवले कुणी?

असा उद्योग करणारा गाबा पहिलाच, असेही नव्हे. ब्रसेल्सच्या मार्सेल ब्रोटार्सने १९६८ साली आपल्या राहत्या घरातच ‘आधुनिक कला संग्रहालय, गरुड विभाग’ उघडले. आत काय होते? चित्रे वाहून नेण्याची रिकामी खोकी आणि जुन्या चित्रांची पोस्टकार्डे! गावोगाव मुक्काम करीत १९७२ साली तेही कासेललाच बंद झाले. याला कुणी थट्टा म्हणेल. मी हिशेब म्हणतो. संग्रहालयातून चित्रे वजा केली, तरी पाटी, उद्घाटन आणि भाषणे शिल्लक राहतातच, हा तो हिशेब.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. जुनी चित्रे वाऱ्यावर टिकत नाहीत. दमट हवेला आणि वाळवीला कलेची कदर नसते. त्यांना भिंती हव्यात, कपाटे हवीत, पगारी राखणदार हवेत. गाबाच्या संग्रहालयाचा मोठा भागही अखेर लंडनच्या टेट संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला आणि २०१३ साली ते टेट मॉडर्नमध्ये मांडले गेले. “पाहा, आला ना शेवटी इमारतीतच!” असे कुणी टाळी देऊन म्हणेल. पण कोण कुणाकडे आले? जागा नाही म्हणून ज्याने बिऱ्हाड पाठीवर घेतले, त्याच्या खोल्यांसाठी त्या भल्यामोठ्या वाड्याला आपली दालने मोकळी करावी लागली. मी याला शरणागती म्हणणार नाही.

जपणुकीसाठी इमारत अवश्य बांधा. पण आधी निधी, मग समिती, मग कोनशिला आणि सर्वांत शेवटी कलावंत, असा क्रम लावणे म्हणजे अडलेल्या बाळंतिणीला “इस्पितळाचे बांधकाम पुरे होईतो जरा थांब” असे सांगणे आहे. कला काही थांबत नाही. ती मिळेल त्या ओसरीवर जन्म घेते.

तेव्हा असे एखादे बिऱ्हाड कधी तुमच्या गावात उतरले, तर त्याला कायमचा पत्ता विचारू नका. मुलाबाळांना घेऊन आत जा आणि काय मांडले आहे ते पाहा. हसायचे असेल तर मग हसा.