बारावीचे जीवशास्त्र आणि 72 तास

आप्पा बळवंत चौकात जूनमध्ये बारावीच्या पुस्तकांसाठी झुंबड उडते. तिथून जवळच, बुधवार पेठेत, माझा दवाखाना आहे.

बारावी होऊन वर्ष झालेला एक विद्यार्थी मध्यंतरी आला. असुरक्षित संबंध येऊन पाच दिवस झाले होते. एच.आय.व्ही.चा विषाणू कोणत्या पेशींवर हल्ला करतो, आर.एन.ए.पासून डी.एन.ए. कसा बनवतो, सारे त्याला तोंडपाठ! पण अशा प्रसंगानंतर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो काही तासांतच, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या असतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. "आजच रक्त तपासा," म्हणाला. तपासले तरी पाचव्या दिवशीचा निर्दोष अहवाल हा खोटा दिलासा असतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी लागते. तोवर निरोध वापरायलाच हवा.

प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडणाऱ्या शिक्षकांना मी एकट्याने दोष देणार नाही. तक्रार घेऊन शाळेत जातात ते आपण पालकच. विरोध झाला म्हणून 2007 मध्ये राज्यातील शाळांत लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद पडला. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले 1927 साली!

कला-वाणिज्यच्या मुलांना तर दहावीनंतर हा विषयच नाही. तिन्ही शाखांना वर्षातून निदान दोन तास डॉक्टरांचे हवेत, प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय.

वाचकहो, सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रांत एच.आय.व्ही.ची चाचणी व सल्ला मोफत मिळतो, नाव गुप्त राहते. 1097 या क्रमांकावर फोनही विनाशुल्क आहे.