टाकी मोठी की उंच?

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार : आमचा शॉवर नुसता ठिबकतो आणि तळमजल्यावर मात्र पाणी धो धो! मग गच्चीवरची ५०० लिटरची टाकी काढून १००० लिटरची बसवण्याचा बेत ठरतो. वर्गणी जमते, टाकी येते. शॉवर आपला जवळजवळ तसाच!

कारण दाब हा पाणी किती साठले आहे यावर ठरत नाही. टाकीतली पातळी नळापेक्षा किती उंच आहे, यावर ठरतो. मोठी टाकी थोडी उंच असते, तेवढाच काय तो फायदा.

हिशेब सोपा आहे. एका चौरस सेंटिमीटरवर १ मीटर उंचीचे पाणी उभे केले, तर ते १०० घन सेंटिमीटर, म्हणजे वजनाला १०० ग्रॅम भरते. पातळी वरच्या शॉवरहून २ मीटर उंच असेल, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम दाब मिळतो. तीन मजले, म्हणजे साधारण ९ मीटर खाली तोच होतो ११०० ग्रॅम. साडेपाच पट!

तेव्हा जुनीच टाकी २ मीटर उंच चौथऱ्यावर चढवली, तरी वरचा दाब दुप्पट होईल. मात्र ५०० लिटर पाण्याचे वजन अर्धा टन असते. चौथरा स्लॅबवर कुठे बांधायचा, ते इंजिनिअरला विचारूनच ठरवा. आणि त्याआधी शॉवरची चाळणी काढून पाहा. भोके क्षारांनी बुजली असतील, तर वाटीभर व्हिनेगरमध्येही काम भागेल.