सायटिका: एमआरआयची घाई नको, तपासणी मात्र हवी

कमरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते, पायाला मुंग्या येतात. तुम्ही दवाखान्यात येता आणि विचारता, "डॉक्टर, एमआरआय काढून घेऊ का?" बहुतेकांना मी सांगतो, "आत्ता नको." हे उत्तर अनेकांना आवडत नाही, म्हणून त्यामागचे कारण सांगतो.

सायटिकात बहुधा मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळाला त्रास देते. हा सरकलेला भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो, नसेची सूज उतरते आणि दुखणे ओसरते.

पूर्वी आम्ही डॉक्टर अंथरुणात पडून राहायला सांगायचो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील १८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर पडून राहिलेल्यांपैकी ८७ टक्के सुधारले होते आणि हिंडते-फिरते राहिलेल्यांपैकीही ८७ टक्केच.

मग लवकर एमआरआय केला तर? ब्रिटनमध्ये ४७६ रुग्णांवर हेही तपासले गेले. एका गटात जास्त त्रास असलेल्यांना लगेच एमआरआय आणि मणक्याच्या तज्ज्ञांकडे पाठवले. २०२० मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही. शिवाय काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या शंभर माणसांपैकी साठेक जणांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. असा रिपोर्ट हाती आला, की माणूस वाकायलाही घाबरतो.

म्हणून माझे मत असे: पहिले सहा आठवडे जमेल तसे चाला, साधी वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, कळ थोडी उतरली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. तरीही दुखणे असह्य राहिले, तर एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा विचार जरूर करू. शस्त्रक्रियेने कळ लवकर थांबते.

पण थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पायाची ताकद आणि संवेदना न तपासता "होईल बरे" म्हणणे मला मान्य नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा.

लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर सहा आठवडे सोडाच, सहा तासही थांबू नका. थेट मोठे रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तरीही लगेच दाखवा.