अशक्य जिना आणि वारली भिंत

मोबाइलच्या पडद्यावर इडा नावाची छोटी राजकन्या उभी असते. समोरची वाट तुटलेली. बाजूचं चाक बोटानं फिरवलं की मनोऱ्याचा एक तुकडा वळतो आणि एका नेमक्या कोनात दूरची कड जवळच्या कडेला भिडल्यासारखी दिसते. खऱ्या इमारतीत त्या दोन कडांमध्ये मोठी पोकळी असती. इडा मात्र सरळ चालत पलीकडे जाते. लंडनच्या अस्टू गेम्सनं २०१४ मध्ये आणलेला ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा खेळ जगभर गाजला तो याच युक्तीच्या जोरावर. त्यात गोळीबार नाही, घड्याळाशी शर्यतही नाही.

अशा खेळांची ओढ कशाची? डोळे फसतात त्याची, असं उत्तर पटकन दिलं जातं. ते अपुरं आहे. फसण्याची गंमत दुसऱ्यांदा तेवढी येत नाही आणि खेळणारे तर तासन् तास रमतात. खरी ओढ नियमाची आहे. २००८ मध्ये सोनीनं काढलेल्या ‘इकोक्रोम’ या जपानी खेळाचे नियमच पाहा. दोन वाटा जोडलेल्या दिसल्या, तर त्या जोडलेल्याच. वाटेतला खड्डा खांबाआड झाकला गेला, तर तो खड्डा उरतच नाही. जे दिसतं तेच खरं, हा नियम खेळ शेवटपर्यंत इमानानं पाळतो. मग जग बदलायचं तर आपली पाहण्याची जागा बदलायची, एवढंच खेळणाऱ्याच्या हाती राहतं आणि तेवढं पुरतं.

यामागचं तंत्र साधं आहे. या चित्रांत दूरची वस्तू लहान होत नाही, समांतर रेषा कुठेच एकत्र येत नाहीत. त्यामुळे जवळचं काय आणि लांबचं काय, हे सांगणारी खूणच पुसली जाते. स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवर्डनं १९३४ मध्ये घनांचा अशक्य त्रिकोण काढला तो याच आधारावर. पुढे रॉजर पेनरोज या तरुण गणितज्ञानं डच चित्रकार एशरचं प्रदर्शन पाहिलं आणि वडील लायोनेल यांच्यासह १९५८ मध्ये अशक्य त्रिकोण व कधीच न संपणारा जिना यांवर लेख लिहिला. एशरनं त्या जिन्यावर १९६० मध्ये माणसं चढवली. आजचे खेळ त्याच जिन्यावर उभे आहेत.

१९३४ हेच जिव्या सोमा मशे यांचं जन्मवर्ष. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कलंबीपाड्यावरचे हे वारली चित्रकार. या दोन गोष्टींचा आपसांत काही संबंध नाही. पण पाहणाऱ्याला एकाच जागी खिळवून न ठेवणारं चित्र डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पिढ्यान् पिढ्या काढलं जातंय, हे खेळांच्या चर्चेत कुणी बोलत नाही.

लग्नघरातली गेरूची भिंत घ्या. तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढ्यावर सवासिणी चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, बाहेर झाडं, जनावरं, माणसं. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. झाड बाजूनं दिसतं, खळं वरून दिसतं, घराची भिंत आणि आतली माणसं एकाच वेळी दिसतात. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच पाहा. नाचाचं वेटोळं आकाशातून पाहिल्यासारखं आहे, पण त्यातला प्रत्येक नाचणारा बाजूनं काढलेला. म्हणून काही सरळ उभे, काही आडवे, काही चक्क उलटे. कुणीही पडत नाही. पाहणाऱ्यानं वेटोळ्याबरोबर नजर फिरवली की ज्याच्यावर ती जाईल तो ताठ उभा.

वारली चित्र अशक्य आकृती नव्हे, हे स्पष्ट म्हणायला हवं. पेनरोजचा त्रिकोण डोळ्यांत भांडण लावतो. वारली भिंतीवर तसं भांडणच नाही. वरून पाहणं आणि बाजूनं पाहणं तिथे सुखानं शेजारी राहतात. पण कोडं रचणाऱ्याला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार? वेटोळं फिरवलं की उलटा नाचणारा सरळ होतो, खळ्याची वरून दिसणारी कड बाजूनं दिसणाऱ्या घराच्या उंबऱ्याला भिडते, मशे यांनी बारीक रेषांनी कागदभर विणलेल्या मासळीच्या जाळ्यातली एखादी गाठ वाट होते. हे सगळं आज खेळात उतरवता येईल.

ते करण्याची ताकद इथे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. त्याच्या दृश्यांमागे पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तू आहेत. पहाडी शैली पुण्यात खेळ होऊ शकते, तर वारली का नाही?

अट एकच. वारली नक्षी कप, कुर्ते, भिंतीचे कागद यांवर इतकी छापली गेली आहे की ती काढणाऱ्यांची नावंच गळून पडली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मान मिळाला, पण नक्षी उचलणाऱ्यांचा हात थांबला नाही. खेळातही तेच होणार असेल, तर तो न झालेला बरा. चित्र उचलून पडद्यावर चिकटवणं सोपं आहे. चौक लिहिणाऱ्या बायकांसोबत बसून कोडं रचणं अवघड आहे. खरा खेळ त्यातूनच होईल.

डहाणू रोड हे पश्चिम रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्थानक आहे. मुंबई-पुण्याच्या खेळ बनवणाऱ्यांनी तिथे उतरावं, गंजाडला जावं, चित्रकारांना आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं आणि त्यांचं नाव व उत्पन्नातला वाटा करारात लिहून द्यावा.